न गोठणारं मीठ

मिरकरवाड्याच्या जेटीवरून बाबांनी डिझेल पाठवलं
पाण्याच्या बाटलीत, बुचाला फडकं गुंडाळून.
एसटीत कंडक्टरने नाक मुरडलं,
मी खिडकी उघडली, एवढंच.

प्रयोगशाळेत ते काचेच्या नरसाळ्यात ओतते.
वर पिवळसर तेल.
खाली ते दुसरं, मधासारखं जड,
ज्याला वास नाही, वाफ नाही,
आणि जे खरं तर मीठ आहे.

हे आईला समजावताना मी हरले होते.
मीठ म्हणजे खडे, ती म्हणाली,
चिरलेल्या बोटाला झोंबतं ते मीठ.
मग मी म्हटलं, ह्यातले कण इतके वेडेवाकडे
की शेजारी शेजारी नीट बसूच शकत नाहीत,
म्हणून ते गोठत नाही.
"आपल्या भावकीसारखं," ती म्हणाली
आणि बांगडे साफ करायला घेतले.

मी नरसाळं उलटं धरून हलवते,
तोटी उघडून दाब सोडते, पुन्हा हलवते.
तेल आणि मीठ धुरकट होऊन एकमेकांत शिरतात,
मग स्टँडवर, सावकाश, आपापल्या जागी परततात.
परतताना मिठाने काहीतरी ओढून नेलेलं असतं.
गंधक. तेलाच्या कड्यांमध्ये दडून बसलेलं,
ज्याच्या नावातच गंध,
ज्याचा धूर बाबांच्या सदऱ्यातून
तीन धुण्यांनीही गेला नाही.

मीठ ओढतं.
हे आईला कुणी शिकवावं लागलं नाही.
खारवलेल्या बांगड्यांखालचं पाणी
ती रोज सकाळी परातीतून ओतून टाकते.

पहिल्या खेपेला चाळीस टक्के गेलं.
दुसऱ्या खेपेला थोडं.
पाचव्यानंतर आकडा हटून बसला.
वहीत लिहिला तसाच. खाडाखोड केली नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला.
मागे इंजिन ठकठकत होतं, कुणी बर्फ फोडत होतं.
"नि होडीला किती लागंल गो ह्ये मीठ?"
मी बिलावरची किंमत पाहिली.
शंभर ग्रॅमच्या पैशात
एक जाळं येईल, शिसं-बोयांसकट.
"अजून महाग आहे," म्हटलं.
"मंग धुवून परत वापरा की."
तेच तर उद्या करायचंय.
पाणी घालायचं, धरलेलं सोडवायचं,
पाणी उडवायचं, मीठ पुन्हा कामाला लावायचं.

"नि त्या काढलेल्या घाणीचं काय करतंस?"

कपाटात एक छोटी बाटली आहे,
तळाशी चिमूटभर, फिकट पांढरं.
तिला अजून लेबल लावलेलं नाही.