सीन चौदा

कुडचड्याला, टायरच्या दुकानामागच्या खोलीत
माझं आठ ट्रॅकचं यंत्र आहे.
कॉम्प्युटरची कटकट नको म्हणून घेतलं होतं.
आता त्याचं कार्ड कुठं मिळत नाही,
आणि निळ्या पडद्याच्या कडेची
एक उभी रेघ मेली आहे.

मिक्स ठेवायला त्यात नव्याण्णव जागा आहेत.
सेव्ह म्हटलं की ते लक्षात ठेवतं
कोण किती मोठा, कोण डावीकडे,
कुणाच्या आवाजातलं नाक कापलं,
कुणाला देवळाचा घुमारा किती लावला.
गेन तेवढा ठेवत नाही.
त्याच्या खुंट्या हातानं फिरवायच्या,
म्हणून चिकटपट्टीवर पेन्सिलीनं लिहून ठेवते:
घुमट साडेअकरा, शामेळ दहा,
कांसाळें नवाला जरा कमी.
आम्ही लोक खुंटीही घड्याळासारखी वाचतो.

काल मोरपिर्ल्याहून प्रीतेश वेळीप आला,
हेल्मेट कुशीत धरून दारातच उभा.
"तेरा वर्सां आदीं आमच्या पंगडान हांगा आरत्यो केल्ल्यो.
बापायचो आवाज आसतलो मगे?"

सीन चौदा. रिकॉल.
फेडर हलले नाहीत. या जातीला मोटर नसते.
दांड्या परवाच्या लग्नाच्या बँडसाठी लावल्या होत्या
तिथंच,
आणि आवाज तेरा वर्षांपूर्वीचे,
आपापल्या जागी.
बोट लागलं की संपलं,
दांडी असते तिथं आवाज उडी मारून येतो,
म्हणून हात मांडीवर ठेवून मी ऐकत होते.
घुमटावर तेव्हा घोरपडीचं कातडं होतं,
हे आम्ही दोघंही बोललो नाही.

आरती संपली.
"पूण बापूय खंय?"

पाचव्यावर लाल दिवा.
म्यूट.
मीच केलेलं, आणि यंत्रानं इमानानं सांभाळलेलं.
सोयरू वेळीप, मागच्या रांगेत,
दर पालुपदाला अर्धी मात्रा उशिरा पोचायचे
घाटी चढून आल्यासारखे,
आणि चतुर्थी आठ दिवसांवर होती.
सीडीच्या कव्हरवर नाव होतं त्यांचं.
फोटोत तर मधोमध उभे.

मी सांगितलं. खाली बघून सांगितलं.
तो म्हणाला, घरी सीडी लागली की
तिसऱ्या कडव्याला बापूय बोट वर करायचा:
"पळय, हो हांव."

तो शाणू गांवकाराचा आवाज. ट्रॅक तीन.

दिवा विझवला. पाचवा एकटाच लावला.
जाडसर, मातीतून ओढल्यासारखा,
मात्रेच्या मागून मात्रेला हाक मारणारा.
प्रीतेशनं मान हलवली,
"हो न्हय."
मी काही बोलले नाही.
टेप चालू होती म्हणायची सवय अजून जात नाही,
टेप कुठली, कार्ड चालू होतं.
दोन कडव्यांच्या मधे जिथं बाकीचे श्वास घेतात
तिथं पाचवा खोकला.
दोनदा, आणि मग घसा खाकरून एकदा.
प्रीतेशनं हेल्मेट जमिनीवर ठेवलं.
"खोंकली," तो म्हणाला. "बापायची."

मग आम्ही त्याला सगळ्यांत बसवला.
फार वर नको, म्हणत होता प्रीतेश,
फार वर नको, तो मागेंच उबो रावतालो.
यंत्रानं विचारलं, चौदावर लिहू का?
मी नाही म्हटलं,
पंधरावर ठेवलं.

दोन पेनड्राइव्ह घेतले त्यानं.
एकात पंधरा, स्वतःला.
दुसऱ्यात काय घालू, विचारलं तर
गाडीची चावी बोटाभोवती फिरवत राहिला
बराच वेळ.
"आवयक चवदाच दी," म्हणाला.
"तिका तोच खबर आसा."