ड्रेसिंग, सकाळी साडेनऊ

ऐरोलीच्या वॉर्डात फशीबाई
माझ्या ट्रॉलीची चाकं ओळखते.
मागच्या डाव्या चाकाची कुरकुर आली
की जळलेली मांडी आधीच थरथरते.

सलाइनने गॉज भिजवते, थांबते,
"झालंच हं" म्हणते.
दिवसातून चौदा वेळा
एवढं एकच खोटं.

दिवा कोळीवाड्याची ती. म्हणाली,
"हलू हलू नको गो.
मोरीचं कातडं येका झटक्यान काडाचं.
तिला कोन इचारतं?"

काढलं.
तिने पलंगाची कड धरली,
माझा हात नाही.

नंतर बेसिनचा नळ बराच वेळ चालू राहिला.
कुणीतरी डबा उघडला होता,
सुक्या बोंबलाचा वास.

वॉर्डबॉय विचारतो, चाकाला तेल घालू?
नको म्हटलं.
निदान तेवढं तरी
तिला आधी कळतं.