उर्सुलाबाईंचा कान

लॅमिंग्टन रोडच्या चौदा फेऱ्या,
भंगारातल्या यूपीएसचा अठरा किलोचा ट्रान्सफॉर्मर
झोपलेल्या पोरासारखा मांडीवर घेऊन रिक्षातून आणलेला,
आठ मॉस्फेट, त्यातले दोन पहिल्याच संध्याकाळी
फट्‌ करून गेले.
मग एकदाचा मरोळ गावठाणात, वरच्या माळ्यावर,
पंखा फिरला उन्हाच्या जोरावर.
मी चहा टाकला.
त्याला उकळी फुटायच्या आत खालून हाक,
"विसपुते! माझ्या कानात भुंगा शिरलाय."

उर्सुलाबाई किणी. घरमालकीण. ऐंशीला टेकलेल्या.
कानामागे मशीन, मशीनला एक बारीक कळ,
ती टेलिफोनवर दाबायची, म्हणजे पलीकडचा आवाज
हवेतून न येता थेट आत उतरतो.
रोज चार वाजता वसईहून बहिणीचा फोन.
चार वाजता माझा पंखाही पुऱ्या भरात.

बघतो, म्हटलं.

फेराइटची कडी घातली तारेत, काळी, बांगडीएवढी.
फरक नाही.
आणखी चार घातल्या. मनगट भरलं, फरक नाही.
विहिरीपाशी तांब्याचा गज ठोकला,
कोळसा, मीठ, दोन बादल्या पाणी.
फरक एवढाच की गल्लीत बातमी झाली,
विसपुत्याला धन लागलंय.
सीप्झमधल्या दोस्ताकडून ऑसिलोस्कोप आणला, दोन रात्रींच्या बोलीवर.
पडद्यावर लाट नव्हतीच, पायऱ्या होत्या,
आणि पायरीपायरीच्या टोकाला केसाएवढी उभी रेघ.
रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावून ती रेघ खुडली.
खूश होऊन खाली गेलो.
"भुंगा आहे," म्हणाल्या. "जरा जाडा झालाय."

रविवारी त्या स्वतःच वर आल्या.
उभा जिना, अकरा पायऱ्या, हातात काठी.
कळ दाबली. "आता बोलू नकोस."
आणि मान वाकडी करून चालू लागल्या खोलीभर,
भाजीवालीच्या टोपलीत वास घेत फिरावं तशा.
ट्रान्सफॉर्मरपाशी थांबल्या. "थोडा."
पंख्याखाली. "नाही."
बॅटरीजवळ ओठ मुडपले.
मग भिंतीच्या कडेकडेने,
जिथे मी लाल तार उजवीकडून नेली होती, काळी डावीकडून,
क्लिपा एका रेषेत, स्पिरिट लेव्हल लावून,
कारण मला कामात टापटीप आवडते,
आणि दोघींच्या मधे आख्खी खोली, खाट, उशी.
"इथे सगळीकडे," म्हणाल्या. "तू ह्याच्या आत झोपतोस?"

एवढा मोठा फास मीच घातला होता,
टापटिपीने.

क्लिपा उपटल्या. दोन्ही तारा एकत्र घेतल्या,
एक टोक दाराच्या कडीला, एक माझ्या हातात.
आमच्या घराण्यात सोन्याच्या तारेला पीळ देत,
आजोबांच्या अंगठ्याला त्याचा घट्टा होता.
मी तांब्याला दिला. जाड तार, ऐकत नव्हती.
लाल जे घेऊन जाते तेच काळी घेऊन परत येते,
एकमेकींना चिकटून गेल्या की बाहेर बोभाटा होत नाही.
मोठा कपॅसिटर मॉस्फेटच्या पायांशी बसवला, अगदी खेटून.
बटण दाबलं.

"आता?"
"आता माशी."
मी इन्व्हर्टर पूर्ण बंद केला. पंखा रेंगाळत थांबला.
"आता?"
बराच वेळ गेला.
"आता पण माशी."

खिडकीशी गेल्या. मागच्या भिंतीपलीकडे
नवा टॉवर, बावीस मजले,
कुठल्याशा मजल्याकडे लिफ्ट जात असावी.
काठीने दाखवलं. "तिथून. ही तुझी नाही."
मी इन्व्हर्टर परत चालू केला,
काय बोलावं ते सुचेना म्हणून.
पीळ द्यायला त्या टॉवरच्या तारा
माझ्या हातात थोड्याच येणार होत्या?

त्या जिना उतरल्या, बाजूबाजूने, एकेक पायरी.
चारला फोन वाजला.
फळ्यांच्या फटीतून आवाज येत राहिला वर,
"येतंय गं, ऐकू येतंय,
अगं, ओरडतेस कशाला."