क्वाइट

हेक्समच्या औषधांच्या दुकानात
तीन महिने भरले तेव्हा मालक म्हणाले,
‘क्वाइट गुड.’
मी रात्रीच सांगलीला फोन लावला :
आई, कामावर बेहद्द खूश आहेत!
आईनं गल्लीत पेढे वाटले.

उलगडा झाला तो पुढच्या मार्चात.
हिशेब तपासायला आलेला डेरेक रॉब्सन
मिशीतल्या मिशीत हसला :
अगं, क्वाइट गुड म्हणजे… चालेल.
म्हणजे पासापुरते मार्क.
पेढे तर केव्हाच पचले होते.

मग त्या शब्दाच्या मी हात धुऊन मागे लागले.
ऊन क्वाइट, म्हणजे स्वेटर असू द्यावा.
दमलेला क्वाइट, म्हणजे जिना चढेल.
पण बाटली क्वाइट रिकामी म्हटलं
की तळाला थेंबसुद्धा नाही.
ज्याचं कमी-जास्त होतं ते हा निम्मं करतो,
ज्याचं होत नाही ते पुरतं संपवतो.
(ओहायोतली नणंद म्हणते,
आमच्याकडे त्याचा सरळ ‘बराच’ होतो.)
एकच चमचा, कधी अर्धा, कधी काठोकाठ.
असला चमचा आम्ही औषधाबरोबर देत नाही.

परवा एनिड चार्ल्टन आल्या.
नवऱ्याच्या गोळ्यांची पिशवी काउंटरवर ठेवली,
पाकिटं तशीच, न फोडलेली.
‘आता लागायच्या नाहीत.’
छत्रीचं पाणी फरशीवर साचत होतं.
घरी कुणी आहे का सोबतीला?
‘नाही गं. मी क्वाइट एकटी आहे.’

एकटेपणाचं कमी-जास्त होतं का?
मी नियम चाळत उभी.
आमच्यातही ‘बरं’ आहे :
तापातून उठलेला बरा,
वय उलटत चाललं की आलेलं स्थळ बरं,
आणि भांडण आवरायला नुसतंच, बरं.
ते मला कधी मोजावं लागलं नाही.

परत आलेल्या गोळ्या मात्र मोजायच्या असतात,
मोजून नष्ट करायच्या.
छप्पन्न.
पुन्हा मोजल्या. छप्पन्नच.

गिऱ्हाइकांची खुर्ची पुढे सरकवून
म्हणाले, बसा ना थोडं.

सहाला मी दारावरची पाटी उलटी केली,
पावणेसातला दिवे घालवले, एक सोडून.
त्या अजून
थोडंच बसल्या होत्या.