अपुरा प्रत्यय

योएन्सूत नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो.
पावणेसातला पडद्यावर तेस्फालेम उगवतो:
कोऱ्या पानाच्या टोकाशी लुकलुकणारी
एक नारिंगी उभी रेघ.
माझी रेघ हिरवी.
तो गोदामाच्या जेवणघरात,
मी मोजे वाळत घातलेल्या रेडिएटरशी,
मधे बारा किलोमीटर बर्फ.

पहिल्या महिन्यात मी फार तत्पर होते.
त्याचा शब्द अर्धा उमटला की समासात माझी टीप हजर.
इथे प्रत्यय चुकला. इथे अक्षर दुहेरी.
तो लिहायचा, खोडायचा,
मग नुसतंच खोडायचा.
एकदा चाळीस मिनिटांत त्याने मला दिली
तारीख आणि स्वतःचं नाव,
तेही भीतभीत.

चुकीवर बोट ठेवणं आणि बोट धरणं,
बोट तेच असतं, सिर्का.

तेव्हापासून हात मांडीखाली घेऊन बसते.
पूर्णविराम पडू देते, वर दहा मोजते.
एकदाच राहवलं नाही:
अक्षराच्या डोक्यावरचे दोन ठिपके गळाले
आणि 'सकाळी मुकादमाला पाहिलं'चं
'सकाळी मुकादमाशी लग्न केलं' झालं.
मी लिहिलं, अभिनंदन.
नारिंगी रेघ बराच वेळ थबकली,
मग ओळभर हहहहहहह.

गुरुवारी झोरियानाही येते, जांभळी,
बेकरीतून थेट.
दोघांत मिळून एकच परिच्छेद.
तो तिचं क्रियापद उचलतो,
ती त्याचा स्वल्पविराम हलवते
आणि होता तिथे परत आणून ठेवते.
काल विषय होता घर.
तिने लिहिलं, नवऱ्याने घर बांधलं.
समासात प्रश्न आला,
माझा नव्हे, त्याचा:
पुरं झालं होतं का?

फिनिशमध्ये हे विचारावंच लागतं.
पुरं झालं तर घराला एक प्रत्यय,
राहिलं तर दुसरा.
क्रियापद हात वर करतं,
सांगायचं ते घरानेच.

छप्पर होतं, तिने लिहिलं. खोडलं.
खिडक्या मार्चमध्ये येणार होत्या.
हे ठेवलं.
पुढे कितीतरी वेळ जांभळं लुकलुकणं.
मी माझी हिरवी रेघ पानाच्या तळाशी नेऊन उभी केली.
नियम मला पाठ आहे, एकतीस वर्षं शिकवते आहे,
पण खिडक्या माझ्या नव्हत्या.

शेवटी त्यांनी अपुरा प्रत्यय लावला.
बरोबर होता.
खाली त्याने तिच्यासाठी टीप लिहिली,
अगदी माझ्या जुन्या खाक्यात:
'वाट पाहणे'लाही नेहमी हाच लागतो.
पाठ करून ठेव.
ती म्हणाली, हो सर.

सव्वाआठला जांभळी गेली, मागोमाग नारिंगी.
मी पान वरून खाली एकदा वाचलं.
तिसऱ्या ओळीत एक चूक आहे.
उद्या बघू.
मोजे अजून ओलेच आहेत.