भाड्याचा यमराज

कार्यक्रम रात्री बाराला पडणार होता.
दादा साडेनवाला झोपणारा माणूस,
पण त्या दिवशी अकरालाच भडंगाची परात घेऊन
टीव्हीसमोर, चष्मा दोनदा पुसून.
पासवर्ड कुपवाडच्या मावसभावाचा.
त्यानं बजावलं होतं, तासाभरात आटपा,
आमच्या हिला तिची मालिका बघायचीय.

विनोद बघायला आम्ही बसलोच नव्हतो.
आम्ही कपडे बघत होतो.

फेब्रुवारीत मुंबईची तीन पोरं हरभट रोडवर आली,
पद्मावती ड्रेपरीच्या माळ्यावर शिंकत शिंकत चढली.
नवं नको म्हणाली, जुनंच द्या,
जुनं दिसलं की लोक आधीच हसतात.
दादांनी हे ऐकून घेतलं
आणि भाडं शंभरानं वाढवलं.
यमाचा काळा अंगरखा, जरीची किनार,
मुकुट एक, गदा एक, रेड्याचं तोंड एक,
मिशा दोन जोड. अनामत तीन हजार.
पावतीवर दादांचं अक्षर:
मिशा ओल्या करू नयेत.

आता पडद्यावर यम एका फ्लॅटची बेल वाजवतो.
आतला माणूस म्हणतो, ओटीपी सांगा.
यमाच्या फोनला रेंज नाही.
रेडा लिफ्टमध्ये अडकलाय.
खालच्या पट्टीवर उमटतं: प्रेक्षक हसतात.
आईही हसली, मग दादांकडे बघून थांबली.

"गदा उलटी धरलीय," दादा म्हणाले.

पुढच्या स्किटमध्ये यम सोसायटीच्या मीटिंगला,
प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाय पसरून.
सेक्रेटरी त्याला पार्किंगचा नियम वाचून दाखवतोय
तेवढ्यात दादांनी रिमोट दाबला.
उठले, टीव्हीपाशी गेले,
काचेवर, अंगरख्याच्या गुडघ्याशी बोट टेकवलं.
एक तपकिरी रेघ.
गवंड्यानं दोरी धरून मारावी तशी सरळ.

ती रेघ घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे.
पुराच्या वर्षी कृष्णा दुकानात शिरली
आणि चार दिवस राहून गेली.
तळच्या पेट्यांतले राजे गेले, प्रधान गेले,
द्रौपदीचं वस्त्र खरोखरच संपेना,
चिखलातून आम्ही ओढतोय, ओढतोय.
यम वरच्या खुंटीला होता,
त्याला गुडघ्याएवढंच पाणी लागलं.
मिरजेच्या दस्तगीरमामांनी रिठा लावला, लिंबू लावलं,
शेवटी रॉकेल. हात टेकले.
"ऱ्हाऊ दे की," म्हणाले, "स्टेजवर कुणाला दिसतंय?"

आणि नव्हतंच दिसलं. गणपतीत नाही, गॅदरिंगला नाही,
तासगावात तर पहिल्या रांगेतल्या पोरांनी
यमाचे पाय ओढले होते, तरी नाही.

"फोर-के आहे ना," धाकटा म्हणाला,
जणू त्यानंच डाग पाडला.

शेवटी नावं आली.
कॅमेरावाले, वकील, जेवणवाले, कुणाचा तरी कुत्रा,
कपड्यांपर्यंत पोचायच्या आत चौकोन आकसला
आणि पुढचा कार्यक्रम पाच, चार, तीन
धाकट्यानं मागं घेतलं. परत पळालं. परत मागं.
तिसऱ्या खेपेला बरोबर धरलं.
आम्ही चौघं टीव्हीला नाक लावून उभे:

पद्मावती ट्रेडर्स, सातारा.

आधी कुणी काहीच बोललं नाही.
मग दादांच्या पोटातून काहीतरी गडगडत वर आलं,
ते इतके हसले की भडंग नाकात गेलं,
आई पाठीवर थापट्या मारतेय
आणि हे डोळे पुसत, "जिल्हा! अगं, जिल्हासुद्धा..."
खालच्या पट्टीवर काहीच उमटलं नाही.

कुपवाडहून मेसेज आला: झालं का तुमचं?

"थांब म्हणावं जरा," दादा म्हणाले,
"तो फ्लॅटच्या दारातला परत लाव."
लावला. यमानं बेल वाजवली.
दादा पुढं सरकून बसले.
"गदा उलटीच आहे," म्हणाले,
आणि थोड्या वेळानं, परात माझ्याकडं ढकलत,
"पण खांद्यात नीट बसलाय बघ पोराला."