अठरा किलो

जालन्याच्या भट्टीत जायच्या आदल्या दिवशी
ती वजनकाट्यावर आडवी पडली होती.
अठरा किलो. भाव लोखंडाचा.
हँडलला अजून दुधाच्या किटलीचा घट्टा.

इलियासभाईनं पाना लावला.
मडगार्ड निघाले, कॅरिअर, डायनामो, स्टँड.
घंटी निघताना एकदा वाजली
आणि आम्ही दोघंही उगाच थांबलो.
"आता ऱ्हायलं काय?"
"हाडं," तो म्हणाला. "माळावर तेवढीच लागतात."

रुंद टायर बसेना,
पुढचा चिमटा तापवून फाकवला.
मागं जास्त दात्यांचं फ्रीव्हील, चढासाठी.

चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात
भानुदास तात्याबा, मु. पो.
पुढचं गाव गंजानं खाल्लेलं.
ते मात्र परत काट्यावर टाकवलं नाही.
घरी खिळ्याला आहे.

आज पहाटे घाणेवाडीच्या मागं
मुरमावरून, बाभळीच्या काट्यांतून
ती उतरली,
दगडागणिक माझे दात वाजवत.
खाली थांबलो तर सवयीनं
पाय स्टँड शोधायला गेला.

कुसळात आडवी केली तिला,
त्या दिवशी पडली होती तशीच.
फक्त मागचं चाक
बराच वेळ
फिरत राहिलं.